मंजूर झालेला विषयबदल नामंजूर करून मिळण्याबाबत

दिनांक: २ एप्रिल

प्रति,
मा. उपकुलसचिव (पात्रता व परीक्षा),
विद्यापीठ मुख्य इमारत, दुसरा मजला,
जिन्याच्या डावीकडे.

विषय: 'कोरियन साहित्य: ओळख' या विषयाऐवजी 'कार्यालय व्यवस्थापन' हा विषय देण्याची अर्जदाराची विनंती आपण मंजूर केल्याने झालेल्या नुकसानीबाबत, व ती मंजुरी मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा विषयबदलाचा मूळ अर्ज. २) त्यावरील स्मरणपत्रे, पहिले ते अंतिम. ३) मूळ अर्ज मागे घेत असल्याचा अर्जदाराचा अर्ज. ४) आपल्या कार्यालयाचे मंजुरीपत्र. ५) खिडकी क्रमांक चारवर वेळोवेळी मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे निवेदन करते. निवेदन लांबले आहे. थोडक्यात लिहिलेल्या अर्जांचे आपल्या कार्यालयात काय होते ते पाहून झाल्यामुळे या खेपेस सविस्तर लिहिले आहे.

१. अर्जदार पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि ज्याचा त्याच्या टेबलावर पोचवायचा, या कामात अर्जदाराची उमेदीची सगळी वर्षे गेली. पदवीचे शिक्षण लग्नाच्या वेळी सुटले ते सुटलेच. अधीक्षकाच्या जागेला पदवी लागते आणि निवृत्ती तर दाराशी येऊन उभी आहे, म्हणून साहेबांनी एक दिवस बोलावून सांगितले, "बाई, तुमच्यामागून आलेले तुमच्या डोक्यावर बसतील. संध्याकाळच्या वर्गाला नाव घाला आणि ती पदवी एकदाची पदरात पाडून घ्या." अर्जदाराने नाव घातले. बाकीचे विषय रडतखडत सुटले. शेवटच्या सत्रात एक ऐच्छिक विषय तेवढा उरला होता.

२. त्यासाठी अर्जदाराने 'कार्यालय व्यवस्थापन' मागितले होते. पुस्तक चाळले तर पहिल्याच प्रकरणात आवक नोंदवही कशी ठेवावी हे दिलेले होते. अर्जदाराला हायसे वाटले. परंतु यादी लागली तेव्हा अर्जदाराच्या नावापुढे 'कोरियन साहित्य: ओळख' असे छापलेले आढळले. अर्जदाराचा त्या देशाशी आजवरचा संबंध घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रापुरता, आणि तेही निम्मे दिवस बंद असते. खिडकी क्रमांक चारवर चौकशी केली असता तेथील लिपिक म्हणाले, "व्यवस्थापनाच्या जागा भरल्या. जिथे रिकामी होती तिथे टाकलंय तुम्हाला. तिथे काय, जागाच जागा आहे." अर्जदाराने त्याच दिवशी विषयबदलाचा अर्ज दिला. पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्जदार कोठूनही हलत नाही.

३. येथे अर्जदाराच्या शाखेतील एक पद्धत सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडले. उत्तर मागणारे पत्र लिहायचे झाले की आमच्या शाखेत त्याच बैठकीत त्याची स्मरणपत्रेही लिहून ठेवतात. पहिले सौम्य, दुसरे जरा कोरडे, तिसरे तातडीचे आणि शेवटचे अंतिम. प्रत्येकावर पुढची तारीख घालायची आणि डाक शिपायाच्या लाकडी मांडणीत त्या त्या तारखेच्या कप्प्यात सारायचे. उत्तर आले की उरलेली काढून फाडायची. ही पद्धत ज्या जुन्या हेडक्लार्कनी अर्जदाराला शिकवली त्यांचे म्हणणे असे की, नंतर आठवण राहत नाही, आठवण राहिली तरी राग राहत नाही, आणि रागावाचून अंतिम स्मरणपत्र लिहिता येत नाही. अर्जदाराने सवयीने तसेच केले. खासगी पत्र कार्यालयाच्या डाकेत घालू नये हे मान्य आहे, पण तिकिटे अर्जदाराने स्वतःची लावली होती.

अंतिम स्मरणपत्रातील मजकूर आपल्यासमोर असेलच. "सदर विषयाशी अर्जदाराचा काडीचाही संबंध नसून तो अर्जदाराच्या गळ्यात विनाकारण बांधण्यात आला आहे. तो तात्काळ सोडवून मिळावा, अन्यथा अर्जदारास पुढील मार्ग अवलंबावा लागेल." पुढील मार्ग कोणता हे अर्जदाराला तेव्हाही माहीत नव्हते व आजही नाही. अंतिम स्मरणपत्रात ते वाक्य घालतातच.

४. उत्तर येईपर्यंत हजेरी बुडू नये एवढ्यासाठी अर्जदार वर्गाला जाऊ लागली. वर्ग रसायनशास्त्र विभागाच्या जुन्या भांडारखोलीत भरतो. बसायला प्रयोगशाळेतली उंच स्टुले आहेत, त्यांना पाठ नाही, आणि दिवसभर कार्यालयात बसून आलेल्या माणसाची कंबर तिथे अक्षरशः बोलते. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ गळतो. (ती तक्रार आमच्याच कार्यालयाकडे आलेली असून तिला अर्जदाराच्या हातचा क्रमांक पडला आहे.) शिकवणाऱ्या बाई तासिका तत्त्वावर आहेत. सगळे त्यांना 'कोरियाच्या बाई' म्हणतात. त्या दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात शिकवून बसने येतात, आणि हजेरी घेताना त्यांचाच डोळा लागतो की काय असे वाटते. पुस्तक नाही. बाई स्वतः भाषांतर करून झेरॉक्स वाटतात. विद्यार्थीही मोजकेच. कोणी कोरियन मालिका पाहून आलेले, कोणी अर्जदारासारखे ढकललेले.

पहिल्या दिवशी अर्जदार मागे बसून कार्यालयाचे टपाल लावत होती. बाईंनी एक तीन ओळींची कविता वाचली. म्हातारा नावाडी संध्याकाळी पलीकडून कोणी हाक मारत नाही ना हे पाहून नाव खुंटाला बांधतो. दुसऱ्या ओळीत घराकडे निघतो. तिसऱ्या ओळीत परत येऊन नाव सोडतो. संपली कविता. अर्जदाराने न राहवून विचारले, "मग हाक आली होती का नव्हती?" बाई म्हणाल्या, "ते सांगितलेलं नाही." अर्जदार म्हणाली, "असं कसं? नोंद अपुरी राहिली की." तेव्हा त्या थकलेल्या बाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "राहिली ना? मग ती पुरी करायलाच तर आपण जमतो." अर्जदाराने टपाल पिशवीत ठेवले. त्यानंतर ते त्या खोलीत पुन्हा बाहेर काढलेले नाही.

५. अर्जदाराच्या घरी अर्जदार व सासूबाई अशा दोघीच आहेत. अर्जदाराचे पती वारले त्याला बरीच वर्षे झाली. मधला माणूस गेल्यावर दोघींना एकमेकींशी काय बोलावे ते समजेना. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत खिडकीशी आहे. "गोळी घेतली का?" "घेतली." "किल्ली कुठाय?" "खुंटीला." एवढ्यावर आमचा संसार चालला होता. भांडण नव्हते. भांडायलाही काही लागते.

एका संध्याकाळी घरी आल्यावर अर्जदार दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची गोष्ट मोठ्याने वाचत होती, कारण मनात वाचले की झोप येते. गोष्ट अशी. एका घरात सासू आणि सून. मुलगा शहरात गेला तो आलाच नाही. परसात मसाल्याचे मोठमोठे रांजण. म्हातारीला दिसत नाहीसे झाले आहे, तरी ती रोज सकाळी जाऊन एकेका रांजणाचे झाकण पुसते. रांजण कधीच रिकामे झालेले आहेत. सुनेला ते ठाऊक आहे, पण ती म्हातारीला सांगत नाही. तिला वाटते, सांगितले तर ही खचेल. गोष्ट संपली तेव्हा खाटेवरून आवाज आला, "त्या म्हातारीला माहीत आहे."

अर्जदार म्हणाली, "काय माहीत आहे?"

"रांजण रिकामे आहेत ते. सुनेला वाटतंय आपण सांभाळतोय. अगं, म्हातारी सांभाळतेय तिला."

अर्जदाराला हे अजिबात पटले नाही. गोष्टीत तसे कुठेही लिहिलेले नाही. दोघी त्यावरून अशा काही जुंपल्या की स्वयंपाक राहिला. पती गेल्यापासून त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने हा वाद वर्गात नेला. बाई म्हणाल्या, "आधार दाखवा." अर्जदाराने आधार शोधला. म्हातारी संपूर्ण गोष्टीत एकदाही झाकण उचलत नाही. भरलेले आहेत अशी तिची खात्री आहे, म्हणून उचलत नाही, हे उघड आहे. घरी येऊन अर्जदाराने तो आधार सासूबाईंच्या पुढ्यात टाकला. सासूबाई म्हणाल्या, "अगं वेडे, माझंही तेच म्हणणं आहे. रिकामे आहेत हे ठाऊक आहे म्हणूनच उचलत नाही ना ती!" एकाच वाक्याने दोघींची बाजू सिद्ध झाली. बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी निकाल दिला नाहीच. म्हणाल्या, "पेपरात शेवटचा प्रश्न असतो, कोणत्याही एका गोष्टीबद्दल तुमचं मत मांडा. तिथे लिहा. दोन्ही चालेल, पण का ते लिहिता आलं पाहिजे."

तेव्हापासून अर्जदार तो प्रश्न मनात लिहीत आहे. आवक क्रमांक घालताना लिहिते, भांडी घासताना लिहिते. सासूबाईंचा हुकूम आहे की, "तुझं लिही, पण माझंही लिही. आणि माझं आधी." पेपर झाल्यावर काय लिहिले ते घरी येऊन शब्दन् शब्द सांगायचे, असेही ठरलेले आहे.

६. सबब, विषय बदलून नको म्हणून अर्जदार रजा टाकून आपल्या कार्यालयात आली व मूळ अर्ज मागे घेत असल्याचा अर्ज खिडकी क्रमांक चारवर दिला. लिपिकांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "तुमचा मूळ अर्ज अजून टेबलावर आलेला नाही. जो आलाच नाही तो मागे कसा घेणार? आधी तो मंजूर तरी होऊ द्या, मग रद्द करू." अर्जदार स्वतः लिपिक असल्यामुळे तिला हे समजले, हीच खेदाची गोष्ट आहे. तिने पोच घेतली आणि निश्चिंत झाली. जो अर्ज इतके महिने हलला नाही तो आता कशाला हलतो, असा हिशेब होता. एवढ्या नोकरीत स्मरणपत्राने कागद हललेला अर्जदाराने पाहिलेला नाही.

७. मांडणीतल्या कप्प्यात अंतिम स्मरणपत्र शिल्लक होते, हे अर्जदार साफ विसरली. मागे घेण्याचा अर्ज दिला त्याच दिवशी शाखेत जाऊन ते फाडायला हवे होते. अर्जदार त्या दिवशी रजेवर होती आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात रांजण होते. तारीख उगवली, डाक शिपायाने पत्र टाकले. अर्जदार नंतर त्याला बोलली, तर तो बिचारा म्हणाला, "बाई, कप्प्यात असलेलं मी आजवर कधी ठेवून घेतलंय का?" घेतलेले नाही. अशी इमानी माणसे हल्ली राहिली नाहीत, आणि राहिली ती नेमकी आपल्या वाट्याला येतात.

ते पत्र पोचले. आपल्या कार्यालयाने सगळे कागद एकत्र केले, सर्वांत अलीकडच्या तारखेचे पत्र तेच अर्जदाराचे अंतिम म्हणणे असे धरले, भाषा सडेतोड असल्यामुळे तातडीने प्रकरण सादर केले, आणि आपण सही केली. पद्धतीप्रमाणे आपले काहीच चुकलेले नाही. अर्जदाराच्या टेबलावर हे प्रकरण आले असते तर तिनेही हेच केले असते. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि वर तिकीटही आपलेच.

८. परिणाम असा की, परीक्षा आठवड्यावर आली असताना अर्जदाराच्या प्रवेशपत्रावर 'कार्यालय व्यवस्थापन' छापून आले आहे. त्या वर्गात अर्जदार एकदाही गेलेली नसल्याने तिथली हजेरी शून्य आहे व त्या पेपरला बसता येत नाही. कोरियन साहित्याच्या वर्गात ती एकही दिवस चुकलेली नाही, पण तिथे तिचे नाव नसल्याने त्या पेपरलाही बसता येत नाही. बाईंना वरून पत्र आले तेव्हा त्यांनी अर्जदाराला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "मी काही करू शकत नाही हो. माझी स्वतःची नेमणूक दर सत्राला नव्याने होते." त्यांचा दोष नाही.

खिडकीवरील लिपिकांनी सहानुभूतीने मार्ग सुचवला. "मॅडम, पुरवणी परीक्षेला व्यवस्थापनाचा पेपर टाका. हजेरीची अट तिथे नाही. तुमचा तर तो रोजचाच धंदा, डोळे झाकून पास व्हाल. पदवी मिळाल्याशी कारण." साहेबही तेच म्हणाले. शाखेतले सगळे तेच म्हणाले. कोणाचेही काही चुकत नाही. अर्जदार पास होईल, पदवी मिळेल, कदाचित अधीक्षकाची जागाही मिळेल.

९. तरीही अर्जदाराला तो मार्ग नको आहे. का नको हे सरकारी भाषेत बसत नाही, म्हणून साध्या भाषेत लिहिते, क्षमस्व. अर्जदार दमलेली आहे. आजवर जे वाट्याला आले ते तिने नीट केले. नोकरी वडील गेल्यावर घर चालावे म्हणून धरली. लग्न थोरल्या काकांनी ठरवले. आवक-जावक शाखा दिली कारण तिथे कोणी जायला तयार नव्हते. कोरियन साहित्यही असेच कोणाच्या तरी रिकाम्या जागेपायी गळ्यात पडले. फरक इतकाच की हे पडल्यावर तिला ते हवेसे वाटले. हवेसे वाटण्याची तिला सवय नाही. म्हणून हा अर्ज इतका अवघडला आहे.

आणि घरी एक म्हातारी बाई खिडकीशी पडून वाट पाहत असते. पूर्वी ती गोळीची वेळ पाहायची. आता अर्जदाराच्या चपला दारात वाजल्या की आतून विचारते, "आज काय वाचलं?" नाव कमी झाल्याचे अर्जदाराने तिला अजून सांगितलेले नाही. सांगायला तोंड उघडते आणि दुसरेच काहीतरी बोलून बसते.

१०. वरील सर्व बाबींचा विचार होऊन विनंती अशी की:

(अ) संदर्भ ४ ची मंजुरी मागे घेऊन अर्जदाराचे नाव 'कोरियन साहित्य: ओळख' या विषयास पूर्ववत लावावे. अंतिम स्मरणपत्र रागाच्या दिवशी लिहिलेले असून तो राग आता शिल्लक नाही, असे प्रतिज्ञापत्र लागत असल्यास अर्जदार ते देईल.

(आ) मंजुरी मागे घेण्याची तरतूद नियमात नसल्यास, अर्जदारास कार्यालय व्यवस्थापनात गैरहजर दाखवून अनुत्तीर्ण करावे. पदवी रोखून ठेवावी. अधीक्षकाच्या जागेवरील हक्क अर्जदार सोडून देईल, साहेबांना तसे लेखी कळवेल, व त्याबद्दल पुढे कोणाकडेही दाद मागणार नाही. फक्त कोरियन साहित्याच्या पेपरच्या दिवशी अर्जदारास त्या भांडारखोलीत मागच्या स्टुलावर बसू द्यावे आणि एक प्रश्नपत्रिका व एक कोरी उत्तरपत्रिका द्यावी. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक नसला तरी चालेल. गुण मांडू नयेत.

(इ) ती उत्तरपत्रिका मात्र बाईंकडे तपासायला जाऊ द्यावी. अर्जदाराने नोकरीभर जे जे लिहिले त्यावर सह्या झाल्या, शिक्के बसले, ते पुढे गेले. वाचले कोणी नाही. तशी अपेक्षाही नव्हती, आणि खरे सांगायचे तर वाचावे असे त्यात काही नव्हतेही. या वेळी आहे. म्हणून हे एकदा कोणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावे, आणि चुकले असेल तिथे लाल शाईने लिहावे की, येथे चुकले.

निर्णय काहीही झाला तरी पेपरच्या आधी कळवावा. घरी सांगायचे आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(सही)
वरिष्ठ लिपिक, आवक-जावक शाखा,
पाणीपुरवठा कार्यालय